घरची तारीख विचारा! पाचवी ते आठवीच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी. जूनपासून एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज ठरलेला विषय बाजूला ठेवला. "ताई, मुलगा पाचवीत गेला आणि शाळेतलं काही कळेनासंच झालं." कुणी कळव्याहून लिहिलंय, कुणी कासारवडवलीहून. ऐरोलीच्या एका आईने तर माझ्या तीन व्हिडिओंखाली हेच लिहिलंय. तिच्या कमेंटखाली एका शिक्षिकेचं उत्तर आहे, "आम्ही रोज सूचना टाकतो, पालक वाचतच नाहीत." मला दोघींचंही पटतं. मी गेली 16 वर्षं ठाण्यात पाचवी ते आठवीला शिकवते आणि माझा मुलगा आत्ता सातवीत आहे. सूचना लिहायचं काम मी करते आणि सूचना शोधायचं कामही मीच करते.

साध्या गोष्टी पटापट उरकते. डायरी रोज उघडा. जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा कागद मिळतो, तो फ्रिजवर लावा. पालकसभेला दोघांपैकी एकाने तरी जाच. खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात. शाळेत तुमचा कुठला मोबाइल नंबर लिहिलाय तो एकदा तपासा. झालं. हे बहुतेकांना माहीतच असतं.

नंबरावर मात्र जरा थांबते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरून कधीच उत्तर यायचं नाही. संमतीपत्र नाही, सही नाही, "बघितलं" असंही नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सरळ म्हणायचो, या घराला काही पडलेलीच नाही. एकदा तिची आई समोर आली. ती एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते आणि शाळेत नंबर होता वडिलांचा. वडील कामासाठी महिनोन्‌महिने गुजरातमध्ये. सगळ्या सूचना तिकडे पोचत होत्या. आई म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं, शाळाच काही कळवत नाही." मी उभ्या उभ्या नंबर बदलून घेतला. त्यानंतर त्या घरून सगळ्यांच्या आधी उत्तर यायला लागलं. म्हणून सांगते, मुलाच्या दप्तराकडे घरात रोज जे बघतं, त्याचा नंबर शाळेत हवा.

आता मुख्य गोष्ट. हा कागद बघा, कॅमेऱ्याजवळ धरते. मुलाच्या दप्तराच्या तळाशी सापडला. कोपऱ्यावर हे पिवळं दिसतंय ना, ते डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचं तेल. वाचते : "सर्व पालकांस कळविण्यात येते की, शनिवारी विज्ञान प्रदर्शन आयोजित केले आहे. तरी विद्यार्थ्यांनी आवश्यक ते साहित्य आणावे, याची नोंद घ्यावी."

आवश्यक ते म्हणजे कुठलं? शनिवारी आणायचं की आधी? मॉडेल घरून करून आणायचं की वर्गात करायचंय? या कागदावर तारीख आहे, पण ती शाळेची तारीख आहे. मला हवी आहे घरची तारीख. म्हणजे माझ्या घरात हे काम कधीपर्यंत व्हायला हवं, ती.

शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला या दोन तारखा असतात. सूचनेत बहुतेक वेळा पहिलीच लिहिलेली असते आणि सगळा गोंधळ दुसरीमुळे होतो.

सहलीचंच घ्या. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईच्या शाळा फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना नेतात. तिथली बोट भरती-ओहोटीवर अवलंबून असते. खाडीत पाणी असेल तेव्हाच ती निघते, त्यामुळे वेळ रोज वेगळी. सकाळची सहल अचानक दुपारची झाली की ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो, "शाळेचं काही नियोजनच नाही." नियोजन असतं हो, चंद्र आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. पण शाळेनेही हे कारण एका ओळीत सांगायला हवं. आणि सहल 20 तारखेला असेल तर संमतीपत्र 12 पर्यंत हवं, कारण बोटीच्या जागा मुलं मोजून घ्यायच्या असतात, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. पालकाच्या डोक्यात 20 बसते. तो 18 ला पैसे घेऊन येतो आणि मूल मागे राहतं.

दुसरं उदाहरण सांगताना मला अजूनही त्रास होतो. आठवीची एनएमएमएस परीक्षा. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 चालतात. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला 1000 रुपये. चार वर्षांचे 48,000, थेट मुलाच्या खात्यात. अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात सूचना लिहिली, "परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी उत्पन्नाचा दाखला व इतर कागदपत्रे मुदतीत जमा करावीत." मुदतीत! अर्जाची शेवटची तारीख मला माहीत होती, मी ती खाली लिहिलीही. पण दाखला तहसील कार्यालयातून येतो, त्याला दिवस लागतात, हे मी लिहिलं नाही. एका हुशार मुलाचे वडील वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपवर होते. रोजंदारीवर. ते शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी रजा टाकून सेतू केंद्रात गेले. दाखला हातात आला तेव्हा अर्ज बंद झाले होते. ते शाळेत आले, काही बोलले नाहीत, दाखला टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आता हा चालेल का?" तो मुलगा निवडीत आला असता की नाही, कुणी सांगू शकत नाही. त्याला बसायला मात्र मिळालं नाही, आणि ते माझ्या त्या एका वाक्यामुळे. आता मी असं लिहिते : "या आठवड्यात सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करा. पावती मला दाखवा." अर्जाची मुदत खाली येते. वर येतं ते घरचं काम.

मध्येच एक गोष्ट, कारण कमेंटमध्ये फार जणांनी विचारलंय. पावसाची सुट्टी. रेड अलर्ट आला की रात्री अकराला माझा फोन सुरू होतो, "मॅडम, उद्या शाळा आहे का?" सुट्टी जिल्हाधिकारी किंवा महापालिका जाहीर करते. आदेशाचा फोटो आला तर पहिलं काम, त्यावरची तारीख आणि वर्ष बघा. मागच्या वर्षीचा आदेश दर जुलैत फिरतो आणि शंभर घरं मुलांना झोपू देतात. तारीख न बघता पुढे पाठवू नका, एवढी कळकळीची विनंती.

तर, घरची तारीख. तिसरं उदाहरण रोजचं आहे. रात्री साडेनऊला मूल सांगतं, "आई, उद्या चार्टपेपर न्यायचाय." नौपाड्यातलं स्टेशनरीचं दुकान बंद होत आलेलं. आई चिडते, मूल रडतं. मग मला फोन येतो, "या प्रकल्पांनी नक्की काय साधतं?" तर ऐका, हे शाळेच्या अपेक्षांमधलं सगळ्यात कमी सांगितलं जाणारं आहे. राज्य मंडळाच्या शाळांत मूल्यमापन दोन भागांत होतं. वर्षभर चालणारं ते आकारिक. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, वर्गातला सहभाग, सगळं त्यात. सत्राच्या शेवटी पेपर असतो ते संकलित. पाचवी-सहावीला दोन्हीला निम्मं निम्मं वजन. सातवी-आठवीला आकारिक 40, संकलित 60. म्हणजे सहावीच्या मुलाचे अर्धे गुण परीक्षेच्या पेपरात नसतातच. तो चार्टपेपर त्या अर्ध्यातला आहे. हे जूनच्या पहिल्या पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवलं की चार्टपेपरवरून भांडणं होत नाहीत. मी करून बघितलंय.

आणि अजूनही पालक मला ठामपणे सांगतात, "आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?" नियम बदललाय. डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल मागे पडलं तर त्याला जादा मार्गदर्शन मिळतं आणि पुनर्परीक्षा होते. तीही नाही जमली तर मूल त्याच वर्गात राहतं. सहावी-सातवीला हे लागू नाही. ज्या घरात पाचवी किंवा आठवी आहे, त्यांनी एप्रिलची वाट न बघता दिवाळीच्या आधीच वर्गशिक्षकांना विचारा, "कुठल्या विषयात कच्चं आहे?"

काही जण म्हणतील, हे मूलच का सांगत नाही घरी? चौथीपर्यंत सांगायचं ना! हो, कारण चौथीपर्यंत बहुतेक विषयांना एकच बाई होत्या. पाचवीपासून तासागणिक शिक्षक बदलतात, सहा जण सहा गोष्टी सांगतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला त्यातली मित्राची गोष्ट लक्षात राहते. त्याला खोटारडं ठरवू नका. "आज शाळेत काय झालं?" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं. मी माझ्या मुलाला जेवताना विचारते, "उद्या दप्तरात रोजच्यापेक्षा वेगळं काय न्यायचंय?" या प्रश्नाला तो थांबतो, आठवतो. कधी उठून दप्तरच घेऊन येतो.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आता तुमच्याशी. सूचनेची पहिली ओळ अशी असू द्या की घरातल्या आजीने मोठ्याने वाचली तरी काम कळेल. "सोमवारपर्यंत 200 रुपये आणि सही." मग खाली हवं ते लिहा. पत्रकाचा तिरका फोटो टाकू नका, बोटांनी मोठं केलं तरी वाचता येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असाल तर त्याखाली मराठीत 30 सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाका. माझ्या शेजारच्या इमारतीतली एक आई इंग्रजी पत्रक घेऊन माझ्याकडे यायची आणि येताना दार हळूच लावून घ्यायची. तिला इंग्रजी येत नाही हे इतर आयांना कळू नये म्हणून. मुलाच्या शाळेची सूचना वाचायला कुणालाही असं लपून यावं लागू नये. व्हॉइस मेसेजला खरंच अर्धा मिनिट लागतो.

आणि पालकहो, ग्रुपवर "ओके मॅडम" लिहिणं थांबवा. एका वर्गात 60 मुलं. 60 "ओके"खाली मूळ सूचना गाडली जाते आणि एकसष्टावा पालक विचारतो, "मॅडम, काय सांगितलं?" मी आता ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवलीय आणि शंका विचारायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. पहिल्या आठवड्यात लोक रागावले. आता कुणी बोलत नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटं मी यालाच देते. फळ्यावर उभी रेघ मारून डावीकडे शाळेची तारीख, उजवीकडे घरची. मुलं डायरीत उतरवतात, शनिवारी-रविवारी घरचे सही करतात. उजवा रकाना मी मुलांनाच भरायला लावते. स्नेहसंमेलन 22 ला, तर नऊवारी शिंप्याकडे कधी टाकायची? सुरुवातीला "21" असं उत्तर येतं. मग एखादी मुलगी सांगते, "बाई, माझी मम्मी शिवणकाम करते. ती म्हणते, डिसेंबरात आठ दिवस तरी लागतात." सगळा वर्ग 21 खोडून 13 लिहितो.

शेवटचा प्रश्न कोपरीच्या एका बाबांचा. "शाळेने घरची तारीख दिलीच नाही तर काय करायचं?" विचारायची. तक्रारीचा सूर न लावता. या तेलाच्या डागाच्या कागदावर मी मुलाच्या बाईंना काय पाठवलं ते जसंच्या तसं वाचते : "नमस्कार मॅडम. विज्ञान प्रदर्शनासाठी साहित्य कुठलं आणि कुठल्या दिवसापर्यंत हवं? मला बुधवारी संध्याकाळीच दुकानात जाता येईल." थोड्या वेळाने उत्तर आलं, आणि ते फक्त मला न पाठवता त्यांनी ग्रुपवर टाकलं : "जाड पुठ्ठा, दोन मोकळ्या बाटल्या, सेलोटेप. गुरुवारी वर्गात आणणे, मॉडेल इथेच करू."