केरीच्या फेरीपलीकडचा किनारा

मंडळी, पणजीच्या माणसाला एक दिवस मोकळा मिळाला की तो बहुधा कळंगुट नाहीतर जुने गोवे गाठतो. मी आज उत्तरेची वाट सुचवणार आहे: आग्वाद, तेरेखोल, शिरोडा, वेंगुर्ला. मधे महाराष्ट्राची हद्द लागते म्हणून आपण गोव्याच्या उत्तर टोकाच्या केरी गावावरूनच मागे फिरतो. पण किनाऱ्याला हद्द ठाऊक नाही. आग्वादला उभं राहून जे अर्धं कळतं, त्याचं उरलेलं अर्धं वेंगुर्ल्यात आहे.

आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ साली पुरा केला, तो मुख्यतः डचांच्या धास्तीनं. तिथली पाण्याची भली मोठी टाकी नीट बघा. येणारी-जाणारी जहाजं इथं गोडं पाणी भरून घेत. मांडवीचं मुख अडवून बसणाऱ्या डच आरमारालाही शिधा-पाणी लागणारच. ते जवळ मिळावं म्हणून त्यांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली. म्हणजे एका दिवसात तुम्ही भांडणाऱ्या दोन्ही बाजूंची ठाणी पाहून येता! शापोऱ्याचा किल्ला मात्र त्या दिवशी सोडा, त्याला वेगळी संध्याकाळ द्या.

शिवोली, मोरजी, हरमल करत केरीला पोचलात की फेरीबोट धरा. पलीकडचं तेरेखोल गाव नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्याचं. किल्ला मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. आत छोटंसं चर्च आहे, आणि तटावरून केरीची वाळूची पट्टी सगळी दिसते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला. पुढं त्यांना अटक झाली. ज्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कोठड्या आपण आग्वादच्या तुरुंगात बघतो, त्यांच्या लढ्याचं हे एक ठिकाण. मुलांना इथं आणा आणि ही गोष्ट तिथंच, तटावर उभं राहून सांगा.

रेडीचा यशवंतगड वाटेतच आहे, जांभ्या दगडाचा, झाडोऱ्यानं वेढलेला.

शिरोड्याला मात्र घाई करू नका. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागराच्या बांधावर जरा थांबा. भरतीचं पाणी आत घेऊन उथळ वाफ्यांत खेळवतात. उन्हानं ते आटत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागतं. मग लाकडी फळीनं ते ओढून बांधावर ढीग घालतात. मूठभर मिठासाठी माणसं लाठ्या खायला का तयार झाली, हे इथं ऊन लागल्यावर जास्त कळतं. वि. स. खांडेकर याच गावात शिक्षक होते.

वेंगुर्ल्यात डच वखारीच्या जांभ्याच्या भिंती उरल्यात, बरीच पडझड झालेली. मला ती वास्तू सावरलेली पाहायची आहे. बघायला येणारी माणसं वाढली तर ती मागणी जोरात करता येईल, म्हणूनही मी तुम्हाला तिथं पाठवतोय. दुपारचं जेवण तिथंच घ्या, ताजं मासळीचं.

परतताना आरोंद्याहून किरणपाणीचा पूल धरलात तर फेरीची वाट बघावी लागत नाही. मिठागरं चालू बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल गाठा, आणि आग्वादला सकाळी दार उघडताच हजर राहा. नाहीतर वेंगुर्ल्याला अंधार होतो.