मांजा लागला, पोर पडलं, घास अडकला : उत्तरायणाचे प्रथमोपचार

नमस्कार मंडळी! उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, तोंडावर आलंय. आपल्या बडोद्यात रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे बसलेत, फिरक्या भरल्या जातायत, धाबे, म्हणजे घरांच्या गच्च्या, झाडून झालेत. 14 ला उत्तरायण, 15 ला वासी उत्तरायण. दोन्ही दिवस आपण सगळे सकाळपासून वरच असणार. म्हणून आज एवढंच बोलायचंय की काही झालं तर 108 ची रुग्णवाहिका दारात येईपर्यंत आपण काय करायचं.

मी प्रथमोपचार शिकवते. वर्गात विचारलं, "समोरच्याला भळाभळा रक्त येतंय, काय कराल?" की हमखास उत्तर येतं, "उचलून दवाखान्यात नेऊ." न्यायचं आहेच. पण मोठी रक्तवाहिनी कापली असेल तर काही मिनिटांत माणूस हातचा जातो. सयाजी हॉस्पिटल रावपुऱ्यापासून जवळ आहे, कबूल. त्या दिवशीच्या गर्दीत रिक्षा मिळवून, त्यात त्याला बसवून तिथे पोचेपर्यंत जखम उघडीच राहिली तर उपयोग काय? आधी दाबायचं, मग उचलायचं.

सगळ्यात वाईट जखम गळ्याची, आणि ती बहुतेक वेळा दुचाकीवर होते. कापलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबत असतो, गाडी वेगात असते. नायलॉनचा मांजा असेल तर तो तुटत नाही, ताणतो आणि चिरत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्याच्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो, आणि आपल्यातलेच लोक तो विकत घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

समजा तुमच्या पुढची गाडी डगमगली आणि काका गळा धरून खाली बसले. तुम्ही थांबलात. पहिलं काम कोणतं? मांजाचं दुसरं टोक बघा. ते कुणाच्या तरी हातात असू शकतं, किंवा हवेतल्या पतंगाला असू शकतं, म्हणजे तो अजून ओढला जातोय! मांजा दोन्ही बाजूंनी कापून टाका. कात्री नसेल तर हाताला जाड कापड गुंडाळून तो सैल धरून ठेवा, दुसऱ्याला कापू द्या. जखमेत रुतलेला तुकडा मात्र उपसायचा नाही. तो डॉक्टर काढतील.

आता रक्त. (रुमालाची घडी कॅमेऱ्यासमोर धरून) स्वच्छ रुमाल, ओढणी, काहीही घ्या आणि अशी जाड घडी करा. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालता आली तर घाला. रक्त जिथून येतंय नेमक्या त्याच जागी घडी ठेवून तळव्याने घट्ट दाबा. गळ्याच्या एकाच बाजूला दाबायचं. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूकडे जाणारं रक्त अडतं, मधोमध दाबलं तर श्वासनळी. याच कारणासाठी गळ्याभोवती पट्टी गुंडाळून आवळायची नाही. काकांना आडवं करा. तोंडात रक्त येत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे ते श्वासात जाणार नाही.

आणि मग दाब सोडायचा नाही. फोनवर 10 मिनिटांचा गजर लावा. "थांबलं का बघू" म्हणून घडी उचलली की जमत आलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा, आणखी जोर लावा, आणि आपला हात नेमक्या जागी आहे ना ते तपासा. हळद, कॉफी, चुना, राख यातलं काहीही जखमेत भरू नका. आजीचा जीव तुटतो, हळदीची वाटी घेऊन ती धावत येते, हे मला माहीत आहे. तिला प्रेमाने सांगा, "आजी, तू 108 लाव." पाणी, चहा काही पाजू नका, कदाचित लगेच ऑपरेशन करावं लागेल. अंगावर शाल टाका, रक्त गेलेल्या माणसाला थंडी वाजते.

हातापायाची जखम असेल तरी हेच, दाब आणि दाबच. बोटांच्या बारीक चिरा साबणपाण्याने धुऊन पट्टी लावली की झालं, फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षांहून जास्त झाली असतील तर डॉक्टरांना विचारा.

रस्त्यावर थांबायला लोक घाबरतात, पोलिसांची झंझट नको म्हणतात. 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलंय. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. बिनधास्त थांबा.

आता धाब्यावरून पडणं. पोराची नजर पतंगावर आणि पाय मागे मागे. पडलेल्याला बसवायचं नाही, उभं करायचं नाही, "हात हलतोय का, पाय हलतोय का" म्हणून ओढाताण करायची नाही. मानेचा मणका दुखावला असेल तर तुमच्या एका हिसक्याने जन्माचं अपंगत्व येऊ शकतं. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावं आणि दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरावं. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर सगळं एकदम, तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवायचं.

तारेवर अडकलेला पतंग काढायला जाणाऱ्याला आधीच अडवा. शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. घरातली वीज असेल तर मेन स्विच बंद करा. रस्त्यावरच्या तारा असतील तर लाकडी काठीचाही भरवसा धरू नका. लांब उभे राहा आणि वीज कंपनीला फोन करून लाइन बंद करवा.

पडलेला, शॉक लागलेला, किंवा छातीत दुखतंय म्हणता म्हणता कोसळलेला माणूस हाक मारून, खांदे थोपटून उठत नसेल तर त्याची छाती बघा. श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतोय? आचके म्हणजे श्वास नव्हे. तिथेच कडक जमिनीवर त्याला उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवा, कोपर सरळ ठेवून 5 ते 6 सेंटीमीटर दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला 100 ते 120. मोठ्याने मोजत राहा. दोन मिनिटांत दमायला होतं, म्हणून आळीपाळीने करा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, यात गेलेला प्रत्येक क्षण वाया जातो.

आता खास आपल्या मराठी घरांसाठी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण होणार. बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे, हल्ली गोळ्यासुद्धा पडणार, आणि सगळी पोरं जमिनीवरून वेचून तोंडात टाकणार. ज्याच्यासाठी समारंभ आहे त्या बाळाला दाढाही नसतात! बोराची बी, शेंगदाणा, हलव्याचा दाणा त्याच्या श्वासनळीत सहज बसतो. न्हाण जरूर करा. बाळासाठी नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्या, आणि बाकीचं आवरेपर्यंत त्याला कडेवरून खाली सोडू नका.

तरीही अडकलंच तर आधी आवाज ऐका. बाळ जोरात खोकतंय, रडतंय, म्हणजे हवा जातेय. त्याला खोकू द्या. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले, तर लगेच हालचाल करा. (बाहुली हातावर घेऊन) वर्षाच्या आतलं बाळ असेल तर असं पालथं हातावर घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला बोटांचा आधार. दोन खांद्यांच्या मध्ये, तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने 5 थापट्या, चांगल्या जोराच्या. नाही निघालं? उताणं करा, छातीच्या मधोमध त्याच भागाने 5 वेळा दाबा. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं. वर्षावरचं मूल किंवा मोठं माणूस असेल तर पाठीत 5 थापट्या, मग मागून मिठी मारून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून 5 वेळा आत आणि वर हिसका. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. शुद्ध हरपली तर खाली झोपवून छाती दाबायला सुरुवात करा.

आणि 108 ला फोन एकानेच करायचा, स्पीकरवर ठेवायचा, तिकडून सांगतात ते करत राहायचं. गुजरातमध्ये ही सेवा 2007 पासून आहे, त्यांना आपले रस्ते माहीत असतात, पण पोळेतलं, म्हणजे आपल्या अरुंद गल्लीतलं, कितवं घर ते नसतं. जवळचं देऊळ, दुकान, नाका सांगा. एक जण पोळेच्या तोंडाशी उभा करा, गाडी आत येत नसली तरी स्ट्रेचर येतं. आणि एकाला जिन्यात पाठवा, फिरक्या, चपला, उसाची चिपाडं उचलून वाट मोकळी करायला.