कामाला बंदी, सेवेला परवानगी

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं थोडं साफसूफ करून लिहून काढलेलं रूप. बोलण्याचा ढंग तसाच ठेवलाय.)

नमस्कार. मागं आवाज येतोय का वो? येतोय? बरं.

सोलापुरात सेवेवर बोलायचं म्हणजे डॉ. कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही, तर ते आधीच घेऊन टाकते. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपल्या गावचा हा मुलगा होता, १९४२ मध्ये तिथंच वारला, वय अवघं बत्तीस. हे सगळ्यांना पाठ आहे. पण कोटणीस स्वतःच्या मनानं गेले, मागं घर होतं, देश होता, मनात आलं असतं तर परत येता आलं असतं. मला आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांना परत जाता येत नाही. घर सोडून पळून आलेत, नव्या देशात अर्ज टाकून बसलेत, आणि तरी तिथल्या गावात फुकट काम करायलेत. का करतात, आणि आपण त्यांना ते कसं करू देतो, एवढंच बोलणार आहे.

आधी एक फरक पटकन सांगते, कारण पेपरात सगळे एकाच पोत्यात भरतात. जीवाच्या भीतीनं देश सोडून आला आणि नव्या देशानं ते मान्य केलं, तो निर्वासित. अर्ज केलाय पण निकाल लागायचाय, तो आश्रय मागणारा. १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६७ चा त्याला जोडलेला प्रोटोकॉल आहे, भारतानं दोन्हींवर सही केलेली नाही. तरी तिबेटी आले, श्रीलंकेतले तमिळ आले, अफगाण आले, राहिले. आपल्याकडं कायद्यापेक्षा सवयीनं चालतं, त्याचे फायदेही आहेत आणि तोटेही, पण तो आजचा विषय नाही.

मी काही वर्षं इंग्लंडमध्ये होते, मिस्टरांच्या नोकरीमुळं. उत्तरेकडच्या एका शहरात महिन्यातून एका शनिवारी दुरुस्तीचा कट्टा भरायचा, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. लोक बिघडलेली किटली, टोस्टर, उसवलेला कोट घेऊन यायचे आणि आम्ही काहीजण फुकट दुरुस्त करून द्यायचो. मी आपली बटणं लावणारी. पण शिलाई मशीनच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे, सिरियातल्या अलेप्पोचे, पन्नाशीचे असतील. अलेप्पो म्हणजे कापडाचं गाव, युद्धाआधी तिथं कापडाचे कारखानेच कारखाने होते, तर या माणसाला मशीनचा आवाज ऐकूनच कळायचं कुठं दुखतंय. एक आजीबाई तिच्या आईच्या काळातलं हातानं फिरवायचं मशीन घेऊन आली, सुई खाली जायची पण टाका पडत नव्हता. यांनी बॉबिनची डबी काढली, आतल्या पत्तीखाली अडकलेला लिंटचा तुकडा पिनेच्या टोकानं बाहेर काढला, तेलाचा एक थेंब सोडला, स्क्रू पाव फेरा मागं घेतला आणि चिंधीवर चालवून टाके दोन्ही बाजूंनी सारखे आलेत का ते उलटं करून बघितलं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला कुठलाही शिलाई मास्तर असंच आधी उलटी बाजू बघतो. आजी खूश होऊन पाच पाउंडाची नोट द्यायला लागली तर हे मागं सरकले, दोन्ही हात वर, म्हणाले नाही नाही, तिकडं डब्यात टाका.

मला वाटलं भिडस्त आहेत. नंतर कळलं, प्रश्न भिडेचा नव्हता. त्यांची केस लागलेली नव्हती आणि अर्ज पेंडिंग असताना तिथं पगारावर काम करायला बंदी आहे. बारा महिने होऊन गेले आणि उशीर तुमच्यामुळं झालेला नसला तर परवानगी मागता येते, मिळाली तरी सरकारनं ठरवलेल्या यादीतलीच कामं करायची. तोवर सरकार देतं त्यावर जगायचं, २०२४ मध्ये ते आठवड्याला माणशी ४९ पाउंडांच्या आसपास होतं, एका कार्डावर जमा होतं. आणि जिथं जेवण मिळतं अशा हॉटेलात ठेवलं असेल तर दहा पाउंडांपेक्षाही कमी. आता रुपयात हिशोब करू नका, ४९ पाउंड म्हणजे पाच हजार की, असं आपल्याला वाटतं, पण तिथं बसनं एकदा जायलाच दोन पाउंड लागायचे.

म्हणून ते गृहस्थ बसचं तिकीट शर्टाच्या खिशात घडी घालून जपून ठेवायचे. सेवाभावी संस्थेत किंवा सरकारी खात्यात स्वयंसेवा करायला त्यांना मोकळीक असते, पण हातात काही द्यायचं नाही, फक्त झालेला खर्च द्यायचा, तोही पुरावा बघून. तिकीट दाखवलं की चार पाउंड. तिकीट हरवलं की संपलं, कारण संस्थेनं ठोक पाच-दहा पाउंड असेच दिले तर ती मजुरी धरली जाऊ शकते आणि उद्या कागदात भानगड याच्याच केसला. म्हणजे बघा, हॉलमधल्या पंधरावीस माणसांत सगळ्यात कसबी माणूस हाच, आणि घडीच्या तिकिटाचा हिशोबही यालाच. मी कधी तिकीट ठेवलं नाही, मला कुणी विचारलंही नाही.

तिथल्या कायद्यात अजून एक बारीक रेघ आहे. स्वयंसेवा चालते, पण पगारी माणसाच्या जागेवर बिनपगारी राबणं चालत नाही. ठराविक तास यायचंच, नाही आला तर बघून घेऊ, असं बांधून घेतलं की ती नोकरी झाली. कागदावर ही रेघ मला पटते. अडलेल्या माणसाला सेवेच्या नावाखाली राबवून घेणं फार सोपं असतं, आणि राबवून घेणाऱ्याला वर पुण्यही मिळतं.

मग करतात कशाला? मी एकदा विचारलंच. त्यांनी मोडक्या इंग्लिशमध्ये जे सांगितलं ते साधारण असं, की आठवडाभर मी रांगेत असतो, कागदाच्या रांगेत, डॉक्टरच्या रांगेत, जेवणाच्या डब्याच्या रांगेत, शनिवारी माझ्या टेबलासमोर रांग असते. पुढं हसून म्हणाले, आणि घरी बसलं की फोनवर गावाकडच्या बातम्या बघत बसतो, ते वाईट. बाकी भाषा सुधारते, ओळखी होतात, पुढं नोकरीला कुणीतरी चार शब्द लिहून देतं, हे फायदे आहेतच. पण मला वाटतं मूळ कारण ती रांगच.

आता हे फक्त युरोपातलं नाही. आपल्याला जास्त कळेल असं उदाहरण मॉरिटानियाचं आहे. आफ्रिकेतला वाळवंटी देश, शेजारच्या माली देशाच्या सीमेला लागून. २०१२ पासून मालीत यादवी सुरू आहे, तिथले हजारो लोक पळून येऊन म्बेरा नावाच्या कॅम्पात राहतायत, बरेचसे गुरं राखणारे. त्या भागात गवत वाळलं की वणवा लागतो आणि एकदा पेटलं की मैलोन् मैल चारा खलास. कॅम्पातल्या निर्वासितांनी स्वतःचं आगविझव्यांचं पथक उभं केलं, सगळे बिनपगारी. वणवा दिसला की गाडीत बसून जायचं आणि झाडाच्या हिरव्या फांद्यांनी झोडपून आग मारायची, कारण तेवढं पाणी तिथं आणायचं कुठून. शंभरावर वणवे विझवले, हजारो झाडं लावली, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार आफ्रिका विभागातून त्यांना मिळाला. सांगोला-मंगळवेढ्याकडचं कुणी इथं बसलं असेल तर त्यांना चाऱ्याची किंमत सांगायला नको, दुष्काळात छावणीत जनावरं घेऊन बसलेली माणसं आहेत आपली. बाहेरून आलेले लोक म्हटल्यावर गावकऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की यांची गुरं आमचं गवत खाणार. आणि तेच लोक तुमचं गवत वाचवायला आगीत जातायत म्हटल्यावर भांडायला काय उरतं? थोडं उरतं म्हणा, पण आवाज खाली येतो.

दुसरीकडं बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांच्या छावण्या आहेत, डोंगर तासून बांबू-ताडपत्रीची घरं, वरून वादळाचा पट्टा. १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशानं वादळाची सूचना द्यायला स्वयंसेवकांचं मोठं जाळं बांधलं, तीच पद्धत रोहिंग्यांना शिकवली. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवायचे, भोंग्यावरून ओरडत गल्लीगल्लीत फिरायचं, म्हाताऱ्यांना आधी हलवायचं. मे २०२३ मध्ये मोखा वादळ आलं तेव्हा हेच पोरं-पोरी पळत होते. आधी २०२१ च्या मार्चमध्ये छावणीला प्रचंड आग लागली तेव्हाही सगळ्यात आधी पोचलेले हेच.

पण इथं मला थोडं टोचतं. रोहिंग्यांना तिथं रीतसर नोकरी करता येत नाही. म्हणून संस्थांसाठी शिकवणारा, दवाखान्यात मदत करणारा, नाल्या काढणारा, सगळे स्वयंसेवकच, ताशी थोडा भत्ता. काम रोजचं, जबाबदारी पूर्ण. जर्मनीत तर कायद्यातच आहे, आश्रय मागणाऱ्याला सार्वजनिक कामाला लावता येतं, तासाला ८० सेंट. युरो नाही, सेंट. २०२४ मध्ये थुरिंगिया राज्यातल्या एका जिल्ह्यानं ते सक्तीचं केलं, नाही म्हणालात तर भत्ता कापणार. त्याच जर्मनीत २०२१ च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला, देशभरात मिळून पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, तेव्हा सिरियन निर्वासित कुणी न सांगता फावडी घेऊन लोकांच्या तळघरातला चिखल उपसायला गेले होते. ती सेवा. ८० सेंटवालं काय आहे ते तुम्हीच ठरवा, मी त्याला सेवा म्हणत नाही.

आपल्या जवळचं सांगायचं तर कोल्हापूरजवळ वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं हाकलून सैबेरियात नेलेले पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ वळिवड्याला साधारण पाच हजार जण राहिले. शाळा त्यांनीच चालवल्या, स्काउटची पथकं, गाण्याचे ताफे, नाटकं, सगळं त्यांचं त्यांनी. तमिळनाडूत श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांनी १९८४ साली ‘ऑफर’ नावाची स्वतःची संस्था काढली, एस. सी. चंद्रहासन यांनी, ते स्वतःच निर्वासित. कॅम्पातलीच पोरं-पोरी कॅम्पातल्या मुलांचा अभ्यास घेतात, आरोग्याचं बघतात.

आणि आपलं सोलापूर? इथला तेलुगू विणकर निर्वासित नव्हता, हे आधीच सांगते, उगाच उद्या कुणी फोन करू नका. पोटासाठी तेलंगणातून आला. पण बाहेरूनच आला की. आणि आज त्या समाजानं काढलेल्या शाळांत कुणाकुणाची पोरं शिकली ते आजूबाजूला बघा. कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी एका चौकात ऐकू येणारं हे गाव आहे, त्यामुळं परक्याला काम कसं द्यायचं हे आपल्याला शिकवायला नको असं मला वाटायचं. पण आपली मंडळं बघा. नवीन माणूस आला की त्याला आपण खुर्च्या उचलायला लावतो. वर्षानुवर्षं खुर्च्याच. हिशोबाच्या वहीला हात लावू देत नाही, मीटिंगला बोलवत नाही. तिकडं इंग्लंडमध्येही अगदी हेच व्हायचं, इंजिनिअर बाई अफगाणिस्तानातून आलेली आणि तिला फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटतात तिथं, डबे रचायला उभी केलेली. तिनं स्वतःहून पुरवठ्याचा तक्ता बनवून दिला तेव्हा कुठं विचारलं, तुम्ही आधी काय करत होता वो. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्रश्न घेते. हां, दादा तुम्ही. मोठ्यानं बोला.

दादा विचारतायत, एवढी सेवा केल्यावर अर्ज लवकर पास होतो का. नाही. आश्रयाचा अर्ज एकाच गोष्टीवर बघतात, परत गेला तर छळ होईल का, जीवाला धोका आहे का. टाके किती सुबक घातले याचे मार्क नाहीत. पुढं कायमचं राहायला मिळण्याचा टप्पा वेगळा, आणि तिथं आता हे आत यायलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी मांडलं की बाहेरून आलेल्यांना कायमचं राहायचं असेल तर इंग्रजी चांगलं हवं, गुन्हा नको, सरकारी भत्ता नको, आणि समाजात स्वयंसेवाही केलेली हवी. ऐकायला बरं वाटतं. पण दोन शिफ्ट करून घरी लेकरं सांभाळणाऱ्या बाईनं सेवा कधी करायची? आणि जो माणूस तुरुंगात मार खाऊन आलाय, रात्री झोपत नाही, चार लोकांत बसवत नाही त्याला, त्यानं काय करायचं? अलेप्पोच्या काकांना मशीनसमोर बसवत होतं म्हणून ते बसले. त्यांच्याच खोलीत राहणारा पुतण्या एकदाही आला नाही, दार लावून पडून असायचा. धोका दोघांना सारखाच होता ना?

मावशी, तुमचा प्रश्न घेते, पण जरा माईक त्यांच्याकडं द्या.