स्कॅन नॉर्मल आहे, मग माणूस का बदलला?

श्रोतेहो, नमस्कार.

अपघाताला काही महिने झालेले असतात. डोक्याची जखम भरलेली, स्कॅन नॉर्मल. आणि घरचे माझ्यासमोर बसून सांगतात, "हा पूर्वीसारखा राहिला नाही. चिडतो, विसरतो, आंघोळीलासुद्धा दहादा सांगावं लागतं." पाठोपाठ येतं, "आळशी झालाय." त्या 'आळशी'विरुद्ध बोलायला मी आज आले आहे.

मी क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट. आधी मानसशास्त्र शिकले, मग मेंदूचा कोणता भाग दुखावला की वागण्याबोलण्यात काय बिघडतं, याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. हे शास्त्र पुष्कळसं युद्धातल्या जखमींनी शिकवलं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत कुर्ट गोल्डस्टाइन यांनी, दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात अलेक्झांडर लुरिया यांनी मेंदूला इजा झालेले सैनिक बारकाईने अभ्यासले. गोल्डस्टाइन यांना दिसलं, की न जमणारं काम समोर आलं की हे सैनिक एकदम सैरभैर होतात. आज घरोघरी त्याला 'नाटक' म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. पण डोकं जोरात हिंदकळलं की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, ते त्यात बरेचदा दिसत नाहीत. कपाळामागचा भाग दुखावला तर बुद्धी शाबूत राहूनही काम सुरू करण्याची ऊर्मीच जाऊ शकते. आंघोळ करायची आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी तो उठत नाही.

स्मरण आणि लक्ष तपासायला मी शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने पुन्हा विचारते, आकडे उलटे म्हणायला लावते. पण माझ्या शांत खोलीत उत्तम गुण मिळवणारा माणूस घरच्या गलक्यात कोलमडू शकतो. म्हणून नुसत्या गुणांवर अहवाल लिहिणं मला पटत नाही.

त्याच अपघाताने मनही हादरलेलं असतं. ब्रेकचा आवाज आला की धडधड, रात्री दचकून उठणं, तो रस्ताच टाळणं. अपघाताचा क्षण आठवत नसला तरी ही भीती राहू शकते. शिवाय मोडलेली झोप, चिडचिड, लक्ष न लागणं ही लक्षणं मेंदूच्या इजेतही असतात आणि मानसिक आघातातही. "हे मेंदूचं की मनाचं?" असं कुणी विचारलं, की मी बहुतेकदा "दोन्हींचं" म्हणते, आणि उपचारही तसेच आखते. भीतीवर काम करताना सत्र छोटं ठेवते आणि बोललेलं लिहून देते, कारण पुढच्या भेटीपर्यंत ते विसरलं जाण्याची शक्यता असते. थकण्याआधीच विश्रांती, एका वेळी एकच काम, फोनवर गजर. गजराची सवय लागेल म्हणून घाबरू नका, लागू द्या.

एक तातडीचं सांगते. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फिट आली, तर माझी वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि माझ्याकडे याल तेव्हा अपघाताआधीपासून ओळखणारं कुणीतरी सोबत आणा. रुग्ण पुष्कळदा म्हणतो, "मला काही झालेलं नाही." तो खोटं बोलत नसतो; स्वतःतला बदल ओळखण्याची क्षमताच दुखावलेली असू शकते. आधी त्याला राग किती यायचा, झोप कशी होती, घरचा हिशोब कोण पाहायचं, हे मला त्या सोबत आलेल्या माणसाकडून ऐकायचं असतं.