मूल गेल्यानंतरची सिस्टर

नमस्कार. समोर नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आहेत, खानापूर आणि चिकोडी भागातल्या आशाताईही वेळ काढून आल्या आहेत. म्हणून सरळ कामाचंच बोलते. मूल दगावल्यावर त्या घराचं पुढं काय होतं आणि त्यात नर्सनं काय करायचं, हा आजचा विषय. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. मूल गेलं त्या घटकेपासून पुढं वर्षभर त्या घराला ओळखीची एक सिस्टर असली पाहिजे. कुणीतरी येऊन जाईल असं नव्हे, नावानिशी एक. तिचा नंबर त्या घरात लिहिलेला असला पाहिजे.

इंग्लंडमध्ये २०१८ पासून हे सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे. मूल गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेली व्यक्ती द्यायची. बऱ्याच ठिकाणी ती या कामाचं शिक्षण घेतलेली नर्स असते. मृत्यू का झाला याचा आढावा घेणारी डॉक्टरांची बैठक होते, त्या बैठकीत आईवडील नसतात. त्यांचे प्रश्न ही नर्स आत घेऊन जाते आणि उत्तरं घरी पोचवते. आपल्याकडंही २०१४ पासून बालमृत्यू अन्वेषणाच्या सूचना आहेत. आशाताईनं मृत्यू कळवायचा, एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टरनं घरी जाऊन चौकशी करायची. चौकशी होते, फॉर्म भरला जातो. पण त्यातून काय निघालं, हे त्या आईला येऊन सांगितलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

आणि आपल्या भागात तर मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा आहे. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कागवाड, अथणीची माणसं आजारी मूल घेऊन मिरजेला धावतात. खानापुरातले कितीतरी बाप कामाला गोव्यात. मूल कोल्हापुरात दगावलं की मृत्यूची नोंद कोल्हापुरात होते, कारण जिथं मृत्यू तिथं नोंद हा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा नियम आहे. घर मात्र कर्नाटकात. कोल्हापूरच्या हॉस्पिटलचा या गावच्या आशाताईशी काही संबंध नाही, आणि तिला बातमी लागते ती गल्लीतल्या बायकांकडून. २०२० च्या सरकारी नमुना पाहणीत हजार जिवंत जन्मांमागं अर्भकमृत्यू, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू, देशात २८, कर्नाटकात १९ आणि महाराष्ट्रात १६ होते. आकडे खाली येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दोन राज्यांच्या मधे जे घर राहून जातं, त्याचं पुढं काय होतं, हे या आकड्यांतून कळत नाही.

आता वॉर्डात या. लहान मुलाला आपल्याकडं बहुतेक घरांत पुरतात. बाप आणि एखादा चुलता पांढऱ्या कापडात गुंडाळून बाळाला घेऊन जातात, आणि आई सलाईन लावलेल्या हातानं कॉटवरच राहते. सासू म्हणते, “तिला नका दाखवू सिस्टर, जिवाला लावून घेईल.” हे त्या मायेनंच म्हणतात, त्यांच्यावर चिडू नका. पण आईला विचारल्याशिवाय बाळ वॉर्डाबाहेर जाऊ देऊ नका. पडदा ओढा, शेजारी बसा आणि सावकाश विचारा, “बाळाला बघायचं आहे का? जवळ घ्यायचं आहे का?” ती नको म्हणाली तर नको. थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारा, कारण पहिलं ‘नको’ बऱ्याचदा भीतीचं असतं. आधी सांगा की बाळ गार लागेल, ओठांचा रंग बदललेला असेल. बाळाला पुसून, टोपडं घालून आणा. जन्मल्यावर केसपेपरवर पायाचा ठसा घेतो ना, तेच शाईचं पॅड घ्या आणि एका कोऱ्या कागदावर दोन्ही पावलं उठवून द्या. मनगटावरची पट्टी कापून टाकायची नाही, पाकिटात घालून द्यायची. हवं असेल तर जावळाची एक बट. आज नको म्हणाली तर पाकीट नाव घालून जपून ठेवा, मागायला येतात.

नाव ठरलं होतं का, हेही विचारा. बारशाआधी गेलेलं बाळ सगळ्या कागदांवर ‘अमकीचं बाळ’ म्हणूनच राहतं. आईनं नाव सांगितलं की त्याच नावानं बोला.

एका गोष्टीवर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण ती कुणीच आधी सांगत नाही. दूध. बाळ गेलं तरी दूध येतंच. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास येतं, म्हणजे बहुतेक वेळा डिस्चार्ज झाल्यावर, घरी. छाती दगडासारखी होते, ब्लाउज ओला होतो, आणि शेजारच्या घरात मूल रडलं की धार लागते. पुरुषांनी भरलेल्या घरात ती बाई हे कुणाला सांगणार? म्हणून डिस्चार्जच्या आधी तुम्ही सांगा. कापडानं करकचून बांधायचं नाही. नीट आधार देणारा ब्लाउज घालायचा, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या. फार ठणकलं तर बरं वाटेल एवढंच थोडं दूध काढायचं, सगळं काढलं तर आणखी येतं. लाली आली, ताप आला तर थांबायचं नाही, दवाखान्यात यायचं. दूध थांबवायची गोळी असते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती चालत नाही, तेव्हा ते डॉक्टरांनाच ठरवू दे. एखादीला दूध मातृदुग्ध पेढीला द्यावंसं वाटतं. तेही तिच्या मनाचं.

आशाताईंनो, नवजात बाळासाठी तुमच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या असतात. बाळच नाही म्हटल्यावर त्या घराची पायरी चढायचं निमित्त राहत नाही, आणि काय बोलावं हेही सुचत नाही. पण ती बाई बाळंतीणच आहे. टाके आहेत, अंगावरून जातंय, रक्त कमी आहे. तुम्ही जायलाच हवं.

बोल सुनेलाच लागतो. ग्रहणात बाहेर पडली, ओझं उचललं, पांढऱ्या पायाची. म्हणून मृत्यूचं कारण एकट्या नवऱ्याला कॉरिडॉरमध्ये सांगून भागत नाही. डॉक्टरांना विनंती करा, सासू, सासरे, नवरा, बाई सगळ्यांना खोलीत बसवा आणि त्यांच्या भाषेत सांगा. घरची भाषा मराठी, डिस्चार्ज कार्ड इंग्रजी, दाखला कन्नड. त्या अवस्थेत कुणाला काय कळणार? बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं होतं, फुप्फुसं तयार नव्हती, असं सोप्या शब्दांत सांगितलं की सासूबाईंचा सूरही बदलतो, हे मी पाहिलं आहे. कारण ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. धीर द्यायला म्हणून खोटं कारण देऊ नका.

कागदांचं थोडक्यात. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, मुदत २१ दिवस. जिवंत जन्मलेलं बाळ तासाभरानं गेलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवायचे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाईला अशा वेळी ६० दिवसांची विशेष रजा आहे, २०२२ पासून. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला एकही दिवस नाही, आणि हे मला फार लागतं.

घरातली बाकीची मुलं विसरू नका. “दादा झोपलाय” असं सांगितलेलं पोर रात्री झोपायला घाबरतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं, मी त्याला मारलं होतं म्हणून तो गेला. त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगावं लागतं की तुझ्यामुळं काही झालेलं नाही. बाप तर चौथ्या दिवशी गोव्याच्या गाडीत बसलेला असतो. त्याला फोन करा, रविवारी, तो मोकळा असताना. बायको कशी आहे हे विचारून झाल्यावर, तुम्ही कसे आहात, हेही विचारा.

दुःख हा आजार नाही, रडू द्यावं. पण सहा महिने उलटून गेल्यावरही बाई जेवत नसेल, कामाला हात लागत नसेल, मरणाची भाषा करत असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडं न्या. मरणाची भाषा आली तर सहा महिने कशाला, त्याच दिवशी. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

अशा सिस्टरचं वेगळं पद मंजूर व्हायला वेळ लागेल, त्यासाठी आपण अर्ज करू, पाठपुरावा करू. तोवर प्रत्येक बालविभागानं आणि प्रसूती विभागानं एका सिस्टरचं नाव या कामासाठी ठरवावं. तिनं वही ठेवावी: गाव, गावच्या आशाताईचा नंबर, बाळाचं नाव, पुढच्या फोनची तारीख. तिसरा दिवस, महिना, सहा महिने, वर्ष. कोल्हापूर, मिरजेच्या दवाखान्यांतल्या तुमच्या मैत्रिणींनाही हे सांगा, आणि सीमेपलीकडच्या आशाताईंचे नंबर एकमेकींना द्या. आज इथून जाण्याआधी दाराजवळच्या टेबलावर आपापला तालुका आणि नंबर लिहून जा, यादी मी सगळ्यांना पाठवते.