शेतकऱ्याचा भत्ता आणि डब्लिनची बाकं

नमस्कार मंडळी. आयर्लंड आपल्याला तसं परकं नाही. ‘होमरूल’ हा शब्द टिळकांच्या चळवळीने तिकडूनच उचलला. आणि अलीकडे आपल्याला आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर माहीत झाले. त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पंतप्रधान असताना, २०१९ च्या डिसेंबरात, ते तिथे येऊन गेले आणि सगळ्या पेपरांत फोटो झळकले. मी आज वराडकरांबद्दल बोलणार आहे, पण गावभेटीबद्दल नाही. त्याआधी समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना त्यांनी घेतलेला एक निर्णय आपल्याकडे कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. मला मात्र आयर्लंडचं राजकारण त्या निर्णयातून जास्त कळलं.

‘फार्म असिस्ट’ नावाची योजना तिथे १९९९ साली सुरू झाली. मेयो, गॉलवे, डोनेगल, केरी हे पश्चिमेचे जिल्हे. जमीन खडकाळ नाहीतर दलदलीची, गोठ्यात मोजकी जनावरं, थोड्या मेंढ्या. अशा शेतकऱ्याला बेकार म्हणता येत नाही आणि शेतीवर त्याचं भागतही नाही. म्हणून सरकार त्याचं उत्पन्न मोजतं आणि कमी पडेल तेवढा भत्ता दर आठवड्याला देतं. सगळी मेख त्या ‘मोजण्यात’ आहे. शेतीतून शंभर युरो सुटले आणि खात्याने सत्तरच हिशेबात धरले, तर तीस शेतकऱ्याचे. शंभरच्या शंभर धरले, तर भत्ता तेवढाच कापला जातो. मग वासरू विकलं काय आणि न विकलं काय, हातात पडायचं ते तेवढंच.

२०११ साली उजवीकडे झुकणारा फिना गेल आणि डावीकडचा लेबर या पक्षांचं सरकार आलं तेव्हा देश दिवाळखोरीच्या दारात होता. आदल्याच वर्षी युरोपीय संघ आणि नाणेनिधीबरोबर ८५ अब्ज युरोंच्या मदत-योजनेचा करार झाला होता. समाजकल्याण खातं लेबरच्या जोन बर्टन यांच्याकडे गेलं. शेतीच्या उत्पन्नातले सत्तर टक्के हिशेबात धरले जायचे, त्याचे २०१२ मध्ये पंच्याऐंशी झाले, २०१३ मध्ये शंभर. मुलांमागे मिळणारी सूटही गेली. लक्षात घ्या, हे कामगारांच्या पक्षाने केलं. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. शहरात स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्याचं उत्पन्न पूर्ण मोजायचं आणि शेतकऱ्याचं सत्तर टक्के, हा कुठला न्याय? विरोधी बाकांवरून फियाना फॉल या पक्षाने यावर रान उठवलं. पण त्याच पक्षाचं सरकार असताना, २०१० च्या डिसेंबरातल्या अर्थसंकल्पात, बेकारभत्ता १९६ वरून १८८ युरोंवर आणला गेला होता. बाकं बदलली की भाषणं बदलतात. हे सांगायला आयर्लंडपर्यंत जायची गरज नाही, मला कल्पना आहे.

पुढे २०१६ ची निवडणूक आली. फिना गेलची घोषणा होती, ‘देश सावरतोय, हे असंच चालू ठेवा’. डब्लिनमध्ये क्रेन दिसत होत्या. खेड्यांत गेल्या काही वर्षांत शंभराहून जास्त पोलीस चौक्या बंद झालेल्या. काय सावरतंय, हे तिथल्या लोकांना कळेना. फिना गेल ७६ वरून ५० वर आला, लेबर ३७ वरून ७ वर. सरकार उभं राहिलं ते काही अपक्षांच्या आधारावर आणि फियाना फॉलच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. या सरकारात समाजकल्याण मंत्री झाले वराडकर, डब्लिनचे डॉक्टर. मार्च २०१७ पासून त्यांनी शंभरचे पुन्हा सत्तर केले आणि मुलांची सूट परत दिली. म्हणजे डाव्यांनी कापलेलं उजव्यांनी परत केलं. याला कोणी विचारसरणी म्हणत असेल तर म्हणो. मी याला मतांची बेरीज म्हणतो.

आणि आता गंमत बघा. पुढच्याच महिन्यात याच मंत्र्यांनी मोठी जाहिरात मोहीम काढली. मजकूर असा, की भत्त्यात फसवणारे आपल्या सगळ्यांनाच फसवतात, तेव्हा असं कोणी माहीत असेल तर कळवा. शिन फेन हा विरोधी पक्ष आणि डावे तुटून पडले. गरिबाकडे संशयाने बघायला शिकवताय, म्हणाले. फसवणूक रोखून वाचवल्याचा जो आकडा मिरवला जात होता, त्यात फसवणुकीपेक्षा साध्या चुकांतून गेलेले पैसे बरेच होते, हेही पुढे आलं. वराडकर मागे हटले नाहीत. उलट पक्षनेतेपदाच्या प्रचारात ‘पहाटे उठून कामाला जाणाऱ्यांचा मी प्रतिनिधी’ असं म्हणाले आणि जूनमध्ये पंतप्रधान झाले. एकाच तिजोरीतून जाणारा पैसा. तो मेयोतल्या शेतकऱ्याकडे गेला की ग्रामविकास, आणि डब्लिनच्या चाळवजा वस्तीतल्या बेकाराकडे गेला की संशय. माझा आक्षेप आहे तो इथे.

या भेदभावाला इतिहास आहे. सत्तरी ओलांडलेल्यांची पेन्शन आयर्लंडमध्ये १९०९ च्या जानेवारीत सुरू झाली, इंग्रजांच्या काळात. पण सर्वांच्या जन्माच्या नोंदी सुरू झाल्या १८६४ पासून. वय सिद्ध करायचं कसं? तर १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री एक भयंकर वादळ झालं होतं. ‘ते वादळ आठवतंय’ असं सांगितलं की म्हातारा पात्र. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली जन्मलो’ म्हणायचे ना, तसंच. बऱ्याच जणांना ते वादळ अचानक आठवू लागलं, यात नवल नाही! पुढे स्वातंत्र्य मिळालं, यादवी झाली, तिजोरी रिकामी झाली. १९२४ साली अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी दहा शिलिंगांच्या पेन्शनमधून एक शिलिंग कापला. चारच वर्षांत तो परत द्यावा लागला, पण डाग राहिला. फियाना फॉलने पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो शिलिंग प्रचारात वाजवला, आणि ब्लाइदांचा पक्ष पुढे फिना गेलमध्ये विलीन झाल्यामुळे ते पाप फिना गेलच्या माथी बसलं. म्हणूनच २००९–१० च्या कपातीत बेकारभत्ता कापला गेला, पण आठवड्याच्या २३०.३० युरोंच्या पेन्शनला कोणी हात लावला नाही.

केरीच्या हीली-रे बंधूंबद्दल प्रश्न येईल, म्हणून दोन शब्द. मायकेल आणि डॅनी, दोघेही अपक्ष, २०१६ मध्ये दोघेही संसदेवर निवडून आले. डब्लिनचे पत्रकार त्यांची टिंगल करतात. तिथे एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि मतदार पसंतीक्रम देतो, त्यामुळे माणसाला स्वपक्षीयाशीही लढावं लागतं. मग रस्ता, पेन्शनचा अर्ज, बंद पडणारं पोस्ट यांतच सगळी लढाई. इंधनावरच्या कार्बन कराला असलेला त्यांचा विरोध मला पटत नाही. पण खेड्यात भत्ता आणि विकास वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांना पक्षांच्या आधी कळलंय.

पोस्टाचंच बघा. शुक्रवारी पेन्शन घ्यायला माणसं पोस्टात येतात. पोस्टमास्तरचं उत्पन्न बऱ्याच अंशी अशा व्यवहारांवर अवलंबून, आणि पैसे घेतलेला माणूस शेजारच्याच दुकानात सामान भरतो. समाजकल्याण खात्याचं हे काम टपालखात्याकडून गेलं तर शेकडो खेड्यांतली पोस्टं उद्या बंद होतील. २०१८ मध्ये १५९ पोस्टमास्तरांनी भरपाई घेऊन कुलूप लावलं, तेव्हा संसदेत मोठा गदारोळ झाला. २०२० पासून समाजकल्याण आणि ग्रामविकास ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे आहेत. आधी फिना गेलच्या हेदर हम्फ्रीज, २०२५ पासून फियाना फॉलचे डारा कॅलरी. कागदावर तरी दोन्ही हात एकाच माणसाचे झाले. पण नवे पेन्शनर पैसे सरळ बँकेत घेतात, आणि पोस्ट वाचवा म्हणून ओरडणाऱ्या एकाही बाकावरून त्यांना ‘तुम्ही पोस्टात का जात नाही’ असं विचारलं जात नाही. मतदाराला कोण विचारणार?