भाकरीतलं लोह अंगी लागतं का?

नमस्कार, श्रोतेहो.

बाजरीची मध्यम भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची. अशा दोन भाकऱ्यांतून साडेसात-आठ मिलिग्रॅम लोह पोटात जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस दिवसाला प्रौढ स्त्रीला २९, तर पुरुषाला १९ मिलिग्रॅमची आहे. आकडे एवढे मोठे, कारण आपल्या जेवणातलं लोह शंभरातलं जेमतेम आठ भाग रक्तात उतरतं. म्हणजे त्या दोन भाकऱ्यांतून अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडं वर.

बाकीचं जातं कुठे? धान्या-कडधान्यांत फायटेट असतं, ते लोह आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं. त्यावर उपाय मोड आणण्याचा. मटकी आठ-दहा तास भिजवा, पाणी ओता, ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा. बोटाच्या पेराएवढे मोड आले की बरंचसं फायटेट मोडलेलं असतं. नुसती भिजवून लगेच शिजवली, तर फरक थोडाच पडतो.

दुसरा उपाय क जीवनसत्त्वाचा. ते त्याच जेवणात हवं, सकाळचा आवळा रात्रीच्या भाकरीला कामाचा नाही. उसळीवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. उकळत्या उसळीत पिळलं तर आंबटपणा राहतो, जीवनसत्त्व बरंच उडतं. अर्धा पेरू त्याहून सरस.

आणि जेवण उरकताच चहा? तो आधी सुटला पाहिजे! चहातलं टॅनिन लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतं. तासभर थांबा. लोहाची गोळी चालू असेल तर कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

लोखंडी कढईत चिंच-कोकमाची आमटी केली की लोह उतरतं. पण शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि तुरट लागते.

जस्तासाठी तीळ, हरभरा, अंडी, मटण. गोळ्या मात्र मनाने नकोत: दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त बरेच दिवस गेलं, तर शरीरातलं तांबं कमी होतं.

आयोडीन मिठातून येतं. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम असावं असा नियम आहे. मीठ शेगडीशेजारी उघड्या बरणीत ओलं झालं की त्यातलं आयोडीन घटत जातं. झाकण लावा, ओला चमचा घालू नका. सैंधव चवीला छान, पण पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल तर रोजच्या स्वयंपाकाला ते धरू नका.